इंजिन ऐकणारा माणूस

"अहो, किती झाल्या?"

"दोन," हे म्हणाले. मासिकातून डोकं वर काढलं नाही. फक्त नजर एकदा ओट्यावरच्या घड्याळाकडे जाऊन आली.

पाच झाल्या होत्या. मी मागच्या गार्डनमध्ये दोरीवर चादर टाकत होते, तिथे मला पाचही शिट्ट्या ऐकू आल्या. हातातले चिमटे तसेच टाकून आत धावले आणि गॅस बंद केला. खिचडी तळाशी लागली होती. कुकरपासून हाताच्या अंतरावर टेबलाशी बसलेल्या माणसाला त्याचा पत्ता नव्हता.

स्वराली जिन्यावरून ओरडतच उतरली. "बाबा! कुकर तुमच्या नेक्स्ट टू होता! पूर्ण हाउसला ऐकू आला!"

"लक्ष नव्हतं गं. ये, हे बघ," म्हणून यांनी मासिक तिच्यापुढे सरकवलं.

स्वराली आमची मुलगी. केंब्रिजच्या एका लॅबमध्ये नोकरी करते, महिन्यातून एखादा शनिवार लंडनच्या कडेला, हाउन्सलोला आमच्याकडे येते. हुशार आहे. म्हणूनच तिने मासिकाकडे न बघता आधी माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "आई, बाबांना नीट ऐकू येतो ना?"

"न यायला काय झालं? इंजिनाचा विषय निघाला की जगाचं भान नसतं, दुसरं काय!" मी ठोकून दिलं. यांची बाजू सावरता सावरता मी चांगलीच खोटारडी झाले होते.

खरं सांगायचं तर चौदा महिन्यांपूर्वी मला ते पत्र सापडलं होतं. हे तीस वर्षं हीथ्रो विमानतळावर, विमानं ढकलणाऱ्या आणि सामान ओढणाऱ्या ट्रॅक्टरांचे मेकॅनिक. त्यांच्या कंपनीने सगळ्यांचे कान तपासले, त्याचं पत्र. यांनी ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये, गिअरबॉक्सच्या पानात खुपसून ठेवलं होतं. पत्रात आलेख होता. त्यातली रेघ थोडी सरळ चालून मग घाट उतरावा तशी खाली गेली होती. खालच्या पट्टीतलं यांना ऐकू येत होतं. विमान, ट्रक, माझं ओरडणं. पण शिट्टी, टिकटिक, फोनची रिंग, दारावरची बेल हे सगळं घाटाखाली गेलं होतं. पुढच्याच महिन्यात यांना वर्कशॉपमधून स्टोअरमध्ये बसवलं. घरी येऊन यांनी सांगितलं, प्रमोशन झालं. मी शिरा केला.

कुकरच्या शिट्ट्या हे घड्याळावर मोजत. तीन मिनिटांना एक. बहुतेक वेळा जमूनही जायचं. त्या दिवशी मी गॅस मोठा ठेवला होता, एवढंच.

हे सगळं मला माहीत आहे, हे यांना माहीत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्या घरात एकच मूठ दोघांनी दोन बाजूंनी झाकून धरली होती.

आणि त्या शनिवारी हे इंजिन विकत घ्यायला निघाले होते. कानांनी ऐकून.

कॅप्रीबद्दल सांगायला हवं. अमेरिकन लोकांची जशी मस्टँग, तशी इथल्या लोकांची फोर्ड कॅप्री. नाक लांब, मागून बसकी आणि अंगात मस्ती. यांनी ती चौऱ्याऐंशी साली घेतली, स्वराली चार वर्षांची असताना. मागच्या सीटवर तिला नीट बसताही यायचं नाही, पण गाडी हळदीच्या रंगाची होती आणि तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं व्ही-सिक्स इंजिन होतं, मग बाकीचं कोण बघतंय! आदल्या नोव्हेंबरात ग्रेट वेस्ट रोडवर ती अचानक बंद पडली. इंजिनातलं टायमिंगचं दातेरी चाक फायबरचं असतं. तेहतीस वर्षांनी त्याचे दात झडले. हे म्हणाले, "फायबर आवाज करत नाही. मुकाट्यानं जातं. कुणालाच कळलं नसतं." एवढ्या वेळा म्हणाले की मला कळायचं ते कळलं.

मग वर्षभर टेबलावर एकच विषय. सप्टेंबरात हे रिटायर झाले आणि विषय पेटला. त्या दिवशीही लागलेली खिचडी खात खात तोच.

"बाबा, मी फोरमवर वाचलंय," स्वराली म्हणाली. "तो ट्वेंटी-फोर व्हॉल्व्हवाला घ्या ना. स्क्रॅप झालेल्या सलूनमधून मिळतो. चीप आहे, आणि पॉवर खूप."

"पॉवर आहे, पण बरोबर कॉम्प्युटर येतो. हातभर वायरी. मी काय लॅपटॉप लावून गाडी दुरुस्त करू?"

"मग जुनाच रिपेअर करा."

"तेच परत? फायबरचं चाक घातलं तर परत झडेल. स्टीलचं घातलं तर जन्मात झडणार नाही, पण असं किंचाळतं की शेजारचा माणूस वेडा होईल. दोनशे मैल त्या गाडीत बसवत नाही." यांनी ताटातला तळाचा काळा पापुद्रा खरवडून बाजूला केला. "व्ही-एट. ॲल्युमिनियमचं आहे, माझ्या लोखंडी व्ही-सिक्सपेक्षा वजनाला हलकं. ग्लेनकडे पडलंय. परवडतंयसुद्धा."

"बाबा, परवडतो म्हणजे काहीतरी रॉंग असणार ना त्याच्यात."

"ते मी ऐकून सांगतो ना!" हे हसले. "इंजिन डोळ्यांनी घ्यायचं नसतं."

माझा घास तोंडातच राहिला. एरवी इंजिनं बघायला मी कधी गेले नव्हते. त्या दिवशी म्हटलं, मीही येते. हे म्हणाले, तुला काय करायचंय? म्हटलं, वाटेत भाजी घ्यायचीय.

स्टेन्स रोडवर लेन बदलताना यांनी आमच्या छोट्या मायक्रा गाडीचा उजवा इंडिकेटर लावला आणि तो तसाच राहिला. टिक टिक, टिक टिक. मागच्याने हॉर्न दिला. "काय घाई असते लोकांना," हे म्हणाले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. कोलनब्रुक येईपर्यंत तो इंडिकेटर माझ्या डोक्यात वाजत होता. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द चौदा महिने माझ्या तोंडातून निघाला नव्हता.

यांच्या मांडीवर त्यांचा जुना स्क्रू ड्रायव्हर होता. हातभर लांब, लाकडी मुठीचा. दापोडीच्या एस.टी.च्या वर्कशॉपात हे शिकले, तिथल्या मिस्त्रींनी दिलेला. टोक चालत्या इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. आतलं सगळं ऐकू येतं. हीथ्रोवर सगळे कानांवर मोठे मफ घालून काम करत. हे कामाला हात घालण्याआधी मफ काढून ठेवत. सुपरवायझर ओरडायचा. हे म्हणायचे, "कान झाकल्यावर ते बोलेल कुणाशी?" एकदा कॅन्टीनच्या खिडकीत चहा पिता पिता यांनी बाहेरून जाणाऱ्या ट्रॅक्टरकडे बोट दाखवून सांगितलं, वॉटर पंपाचं बेअरिंग, तीन दिवस. तिसऱ्या दिवशी तो टर्मिनल थ्रीसमोर उभा राहिला. तेव्हापासून यांचं नाव पडलं 'द इअर'. लोक दुसऱ्या कंपन्यांतून इंजिनं ऐकवायला यांना बोलवायचे. त्याच कानांनी यांना नाव दिलं आणि मफ न घातल्याची किंमत त्या कानांनीच भरली.

मलाही यांनी ऐकायला शिकवलं होतं. लग्नानंतर पहिल्या वर्षी आम्ही एका खोलीत राहत होतो, टीव्ही नव्हता. खाली रस्त्यावर गाडी थांबली की हे विचारायचे, "काय ऐकू येतंय?" मी आपली सांगायची: टॅपेट टिकटिकतोय, पट्टा रडतोय, बेअरिंग ठोकतंय. बरोबर आलं की हे खूश. दुसऱ्या बायकांना नवऱ्याने सिनेमा दाखवला, मला पट्टे ऐकवले. पण माझे कान तयार झाले. पुढे बावीस वर्षं शाळेच्या डायनिंग हॉलमध्ये तीनशे पोरांच्या गलक्यात कोण रडतंय ते मी पाठमोरी सांगायची.

ग्लेनचं युनिट, म्हणजे गॅरेजचा गाळा, विमानांच्या अगदी उतरत्या वाटेवर. तो यांचा वर्कशॉपमधला जुना जोडीदार. यांचे कान तपासले गेले त्याच्या तीन वर्षं आधी नोकरी सोडून त्याने हा धंदा काढला होता, त्यामुळे त्याला 'द इअर' माहीत होता, स्टोअर माहीत नव्हतं. तो अर्थातच इंग्रजीत बोलत होता. मी मराठीत सांगते.

"कॅम! ये. तुझीच वाट बघत होतो." कमलाकरचं कॅम त्यानेच केलेलं. मला म्हणाला, "मधू, तूही? बस, ही खुर्ची पुसलीय."

इंजिन एका लोखंडी घोडीवर बसवलं होतं. शेजारी रेडिएटर, बॅटरी, पेट्रोलचा डबा, खाली दोन सायलेन्सर. कुठल्याशा मोठ्या फोर बाय फोर गाडीतून काढलेलं. यांनी आधी इंजिनावर तळहात ठेवला.

"थंड आहे."

"गरम करून ठेवून तुला फसवणार होय?" ग्लेन हसला. "पण एक सांगतो कॅम, मी स्वतः हे पाच मिनिटांवर चालवलेलं नाही. स्विंडनहून एक जण दोन वाजता बघायला येतोय, त्याला मी म्हटलं, आधी माझा मित्र ऐकणार. तू चांगलं म्हणालास तर तुझं. तू नाही म्हणालास तर मी हे चालू इंजिन म्हणून कुणालाच विकणार नाही. तुझा शब्द तो शेवटचा शब्द."

एवढा विश्वास कुणी कुणावर टाकू नये.

ग्लेनने किल्ली फिरवली. इंजिनाने एकदा अंग झाडलं आणि लागलं. काय आवाज होता! खोल, भरलेला, छातीत उतरणारा. यांचा चेहरा असा फुलला की मला सगळं विसरायला झालं. पत्र, स्टोअर, इंडिकेटर सगळं. तो आवाज खालच्या पट्टीतला होता. तो यांना पूर्ण ऐकू येत होता. कितीतरी दिवसांनी हे काहीतरी पूर्ण ऐकत होते.

एक विमान आलं. आम्ही तिघेही थांबलो. हाउन्सलोच्या बाजूला राहणाऱ्या माणसाची ही खोडच आहे. विमान आलं की वाक्य अर्ध्यावर मोडायचं, गेलं की तिथूनच जोडायचं. हेही थांबतात. अगदी वेळेवर थांबतात. म्हणून तर कुणाला संशय येत नाही.

पाच मिनिटं झाली. सहा. मी मनात म्हणत होते, असंच राहू दे. रेडिएटरमधून वाफेचा धागा निघाला, इंजिन चांगलं तापलं, आणि आठव्या मिनिटाला मला ऐकू आलं.

टिक. टिक. टिक. स्टीलच्या पेल्यावर बांगडी आपटावी तसा बारीक आवाज. आधी वाटलं भास. मग तो वाढला.

मी ग्लेनकडे बघितलं. ग्लेन माझ्याकडेच बघत होता. त्याच्या कपाळाला आठी होती. त्याने यांच्याकडे बघितलं, आता हा बोलेल म्हणून वाट बघितली.

यांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. एक सिलिंडर, दुसरा, तिसरा. प्रत्येक ठिकाणी थांबत होते, पूर्वीसारखेच. मी पदराचं टोक मुठीत आवळून उभी होते. मला यांची भयंकर दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा संताप आला. टोक बरोबर त्या बांगडीच्या आवाजावर आलं, थांबलं आणि पुढे गेलं.

यांनी डोळे उघडले. "स्वीट," म्हणाले. "स्वीट ॲज अ नट. हात मिळव, ग्लेन."

ग्लेनचा हात पुढे आला नाही.

तो पुन्हा माझ्याकडे बघत होता. आता त्याला सगळं कळलं होतं. मी मान हलवली नाही, डोळा हलवला नाही. मी बोलले असते तर 'द इअर' तिथेच, त्या घोडीसमोर, मेला असता. नाही बोलले तर हे इंजिन आमच्या गॅरेजमध्ये येणार, हे सहा महिने पाठ मोडून ते बसवणार, आणि पहिल्या लांबच्या फेरीत ते फुटणार. तेव्हा यांना कळणार की आपले कान गेले, आणि बायको शेजारी उभी राहून गप्प बसली होती.

"असं आहे कॅम," ग्लेन जमिनीकडे बघत म्हणाला, "मी विचार करत होतो. तो स्विंडनचा माणूस... खरं म्हणजे त्याला मी शब्द दिलाय."

"काय?"

"इंजिन त्याला द्यायचं ठरलंय," ग्लेन मोठ्याने म्हणाला.

"मघाशी म्हणालास, बघायला येतोय."

"हो, पण..."

"मी चांगलं म्हटल्यावर शब्द आठवला?" यांचा आवाज चढला. "माझ्याकडून पास करून घेतलंस, आता त्याला जास्तीला देणार. 'कॅमनं ऐकलंय' म्हणून सांगणार. वीस वर्षं एका डब्यातला चहा प्यायलो आपण ग्लेन, आणि तू मला असं वापरतोस?"

ग्लेन कानापर्यंत लाल झाला. एक वाक्य बोलला असता तर तो मोकळा झाला असता. पण तो चिंधीला हात पुसत राहिला, पुसलेलेच हात.

"चीट!" हे म्हणाले. "साधा चीट निघालास तू!"

आता मात्र माझ्याने राहवेना. यांची झाकली मूठ मी आणखी दहा वर्षं झाकली असती. पण ती झाकायला दुसऱ्या भल्या माणसाचं तोंड काळं करायचं, हे मला जमणारं नव्हतं. मी पुढे झाले आणि यांच्या समोर, माझे ओठ दिसतील अशी उभी राहिले.

"अहो, कुकर वाजतोय."

"काय?" यांनी चिडून बघितलं. "काय बोलतेस?"

"शिट्ट्या होताहेत. घड्याळावर मोजता न येणाऱ्या. मला ऐकू येताहेत. त्यालाही येताहेत. म्हणून तो तुम्हाला देत नाहीये."

ग्लेनला मराठीचा एक शब्द कळत नव्हता. पण तो दोन पावलं मागे सरकला.

नेमकं तेव्हाच विमान आलं. खाली आलेलं, मोठं. आम्ही थांबलो. ते डोक्यावरून जाईपर्यंत हे माझ्याकडे बघत होते आणि मी यांच्याकडे. आधी राग होता डोळ्यांत. मग राग गेला आणि त्याच्या जागी काय आलं ते मला बघवेना, पण मी नजर काढली नाही. विमान गेलं.

"कधीपासून?" यांनी विचारलं.

"आत्ता. दोनेक मिनिटं झाली, तापल्यापासून."

"इंजिन नाही."

"चौदा महिने," मी म्हटलं. "गिअरबॉक्सच्या पानात होतं."

इंजिन चालूच होतं, ती बांगडी वाजतच होती. मला वाटलं आता हे वळतील, गाडीत जाऊन बसतील, आणि घरी आम्ही आठवडाभर बोलणार नाही. त्याची मी तयारीही केली. यांनी हातातल्या स्क्रू ड्रायव्हरकडे बघितलं. अंगठ्याने मूठ पुसली. मग तो मूठ पुढे करून माझ्यासमोर धरला.

"काय ऐकू येतंय?"

चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या खोलीतला प्रश्न. त्याच सुरात.

मी मूठ कानाला लावली. टोक यांनी धरलं. एवढ्या आवाजात बोलायला नको म्हणून मी यांचं दुसरं मनगट धरलं. आवाज वाढला की एकदा बोट टेकवायचं, कमी झाला की दोनदा. सांगावं लागलं नाही, यांना कळलं. टोक डाव्या रांगेवरून सरकलं. काही नाही. उजव्या रांगेवर आलं. एकदा. आणखी पुढे. एकदा, जोरात. यांनी टोक तिथेच रोवलं, दुसऱ्या हाताने त्या सिलिंडरच्या प्लगची वायर ओढून काढली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं.

मी मनगटावर दोनदा बोट टेकवलं.

वायर लावली. एकदा. काढली. दोनदा.

"सुरुवातीला नव्हता? नक्की?"

"नव्हता. तापल्यावर आला."

यांनी मान हलवली. चेहरा बदलला होता. वर्कशॉपमधला चेहरा होता तो; मी तो वर्षभर बघितला नव्हता. यांनी ग्लेनला इंजिन बंद करायला सांगितलं.

"सहा नंबरचा लायनर," हे ग्लेनला म्हणाले. लायनर म्हणजे ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये बसवलेली लोखंडी नळी. तिच्यात पिस्टन वरखाली होतो. "सुटलाय. टॅपेट असता तर प्लग काढून कमी झाला नसता. तापलं की ॲल्युमिनियम पसरतं, नळी सैल होते, हलते. हा ब्लॉक गेला. स्विंडनवाल्याला देऊ नकोस. हेडं काढ, कार्बोरेटर काढ, सुटं विक."

"मला टॅपेटच वाटला होता," ग्लेन म्हणाला.

"सगळ्यांना तेच वाटतं." हे थांबले. मग म्हणाले, "तुला जे बोललो ते मागे घेतो, ग्लेन. मला तो ऐकू आला नाही."

ग्लेनने वर बघितलं, छताकडे. "आज विमानंही फार आहेत, कॅम."

"नाही," हे म्हणाले. "विमान ऐकू येतं मला."

ग्लेनने मग हात पुढे केला. यांनी तो दोन्ही हातांत घेतला. मी त्या पुसलेल्या खुर्चीवर जाऊन बसले. कुणीतरी चहा केला. तो मी प्यायले की नाही, आता आठवत नाही.

भाजी घ्यायची राहूनच गेली. घरी आल्यावर हे घरात शिरलेच नाहीत. गॅरेज उघडून आत गेले, दिवा लावला. स्वरालीने विचारलं, "काय झाला? घेतला नाही?" म्हटलं, इंजिन खराब निघालं. ती म्हणाली, "आय टोल्ड हिम!" आणि केंब्रिजची ट्रेन पकडायला निघाली. तिला मी पुढच्या वेळी सगळं सांगितलं. आधी चिडली, मग रडली, मग तिने बापाला कानाच्या दवाखान्याची अपॉइंटमेंट घेऊन दिली. मशीन आलं. हे ते फक्त टीव्हीपुढे लावतात. बाकी वेळ ते ओट्यावरच्या घड्याळाशेजारी असतं.

पण त्या संध्याकाळी मी चहा घेऊन गॅरेजमध्ये गेले तेव्हा हे जुन्या व्ही-सिक्सचं पुढचं झाकण काढून बसले होते. फायबरच्या चाकाचे झडलेले दात बशीत काढून ठेवले होते.

"हेच बांधतो," मी समोर आल्यावर हे म्हणाले. "रिंगा, बेअरिंगं नवीन. कॅमशाफ्ट जरा तिखट घालतो, कार्बोरेटर मोठा. व्ही-एटला हरवणार नाही, पण मान खाली घालायलाही लावणार नाही. हे इंजिन मला हातानं कळतं. ऐकायला नको."

"आणि चाक?"

"स्टीलचं."

"किंचाळतं म्हणालात ना? शेजारचा माणूस वेडा होतो म्हणे."

"मला काय त्याचं," हे म्हणाले, आणि पहिल्यांदाच स्वतःच्या कानाला बोट लावून हसले. मग हसू गेलं. "तुला होईल त्रास. तुला ऐकू येईल सगळं. तू सांग, घालू का?"

एवढ्या वर्षांत गाडीबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं. मला रडू यायला लागलं, म्हणून मी बशीतले दात उचलून कचऱ्यात टाकले आणि म्हटलं, "घाला."

एप्रिलमध्ये कॅप्री रस्त्यावर आली. हळदीचा रंग जरा फिका झाला होता, पण नाक तसंच वर. ग्रेट वेस्ट रोडला लागल्यावर यांनी ॲक्सिलरेटर दाबला आणि ती अशी सुटली की माझी पाठ सीटला चिकटली. स्टीलचं चाक खरंच किंचाळत होतं. एकसुरी, बारीक, दाताच्या डॉक्टरच्या ड्रिलसारखं. यांच्या चेहऱ्यावर त्याचा मागमूस नव्हता. हे सुखात होते.

एका लॉरीला मागे टाकून हे परत डाव्या लेनमध्ये आले आणि इंडिकेटर तसाच राहिला. टिक टिक, टिक टिक. मी हात पुढे करून यांच्या मनगटावर दोनदा बोट टेकवलं.

यांनी दांडी सरळ केली. रस्त्यावरची नजर काढली नाही.

"बाकी काय ऐकू येतंय?" यांनी विचारलं.

मी काच खाली केली, यांच्याकडे तोंड वळवलं आणि मोठ्याने सांगायला लागले.